पूर्ण चाळीस मिनिटं

त्या वर्षीच्या जुलैत माझ्या पायांचे तुकडे पडले. हैदराबादेतली किती कॉलेजं पालथी घातली ते आता नीट आठवत नाही, पण जिने आठवतात, कारण गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. पुढं मी, हातात फाईल, आणि मागून माझा मुलगा, सहा फूट तीन इंच, दाराच्या चौकटी चुकवत मान वाकवून चालणारा. लोक आधी त्याच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, कारण मी जेमतेम पाच फूट. आम्हाला फार काही नको होतं. बी.कॉम. काय, कुठंही होतं. कुठल्यातरी कॉलेजनं त्याला बास्केटबॉलच्या टीममध्ये घ्यावं आणि खेळवावं, एवढ्यासाठी ही पायपीट होती.

सगळ्यात आधी आम्ही शहराबाहेरच्या मोठ्या कॉलेजात गेलो. दोन बस बदलून दीड तास. तिथं बास्केटबॉलला वेगळा हॉल आहे, खाली लाकडी फरशी, बघणाऱ्यांना बसायला पायऱ्या. खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात असं कळलं होतं. खिडकीतल्या बाईनं आमचे कागद पसरले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, दहावीपर्यंत इथं, मग इंटर कुठं? इथं अकरावी-बारावीला इंटर म्हणतात. नांदेडला, मी म्हणाले. मग नॉन-लोकल, ती म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली. राखीव जागेसाठी शेवटची चार वर्षं सलग याच राज्यात शिकलेलं लागतं. शिवाय खेळाचं सर्टिफिकेट गेल्या दोन वर्षांतलं लागतं. आमच्याकडचं त्याच्या आधीचं होतं.

यातली डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की हे मला त्या बाईनं सांगायची काही गरज नव्हती. नारायणगुड्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी वीस-बावीस वर्षं क्लार्क आहे. कुठलं पोर कुठल्या वर्षी कुठं शिकलं त्याचा जो दाखला असतो, स्टडी सर्टिफिकेट म्हणतात त्याला, तो लिहिण्यातच माझा जन्म गेला. टेबलासमोर कुणाचेही आईबाप उभे राहिले की मी त्यांना बजावायची, पोराला मध्येच बाहेरच्या राज्यात घालू नका, लोकलचा हक्क जाईल, मागाहून माझ्याकडे रडत येऊ नका. आणि माझा मुलगा आमच्याच शाळेत होता. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मी माझ्या हातानं लिहिला, शिक्का मारला, वर शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली.

असं कसं केलं म्हणून नंतर सगळ्यांनी विचारलं. असं आमच्यासारख्यांनाच जमतं. सासऱ्यांचे वडील निजामाच्या काळात देगलूरकडून इथं नोकरीला आले. तेव्हापासून आम्ही इथले. भाजीवालीशी तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी, घरात मराठी, आणि त्या मराठीतही होला हौ आणि नकोला नक्को. पोरांना मराठी वाचायला दिलं तर अक्षरावर बोट ठेवून वाचतात. तरी मनातून आम्ही तिकडचेच. शेत तिकडं, कुलदैवत तिकडं, सोयरिकी तिकडं. त्यामुळे नांदेड म्हणजे परराज्य हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. नांदेड म्हणजे माझं माहेर. दहावी झाली की पोराला मामाकडे ठेवायचं आणि तिथल्या क्लासला घालायचं, हे आमच्या नात्यात चार घरी झालेलं. दोघं तर डॉक्टर झाले. मार्क पडले की महाराष्ट्रात सीट मिळेल असं मी धरूनच चालले होते. पुढं तिकडच्यांनी सांगितलं, दहावी हैदराबादची, म्हणजे तुम्ही तेलंगणाचे. इकडच्यांनी सांगितलं, बारावी नांदेडची, म्हणजे तुम्ही महाराष्ट्राचे. पोरगं मधल्या मध्ये लटकलं.

पण हे झालं कागदाचं. आता लिहायलाच बसले आहे तर सगळं खरं लिहावं. नांदेडचा घाट मी नुसत्या क्लाससाठी घातला नव्हता. त्याचा खेळ सुटावा म्हणून घातला होता.

सहावीत असताना त्याला घराजवळच्या मैदानावर कुणीतरी पहिल्यांदा बॉल दिला आणि तेव्हापासून तो घरात फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. दहावीच्या वर्षी त्याला सोळा वर्षांखालच्या राज्याच्या शिबिरात घेतलं. शिबिर आलं नेमकं पूर्वपरीक्षेच्या तोंडावर. मी नको म्हणत असताना तो गेला. दहावीला गणितात जे मार्क पडले ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईच्या पोराचे मार्क आधी स्टाफरूमला कळतात, मग बाईला. त्याच आठवड्यात मी भावाला फोन केला. पोरगं माझ्यामागे स्वयंपाकघरात उभं होतं. मी इथंच राहून अभ्यास करतो, खेळ संध्याकाळी फक्त एक तास, असं तो म्हणत होता. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर त्यांनी तोंडात गुळणी धरली. घरातले अवघड निर्णय मी घ्यायचे आणि ते चुकले की ह्यांनी सुस्कारा टाकायचा, अशी आमच्या संसाराची वाटणी आहे.

त्याला पोचवून आल्यावर मी भावाला पुन्हा फोन केला. सांगितलं, त्याच्या बॅगेत बॉल आहे, तो काढून माळ्यावर टाक. मैदानाकडे फिरकू देऊ नकोस. भावानं दोनदा विचारलं, अगं नक्की ना? मी म्हटलं, नक्की, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, तुझ्या मनानं केलं असं दाखव. माझा भाऊ गरीब आहे स्वभावानं. त्यानं तसं केलं.

मग दोन वर्षं दर रविवारी माझा फोन. जेवतोस ना, झोपतोस ना, टेस्टला किती पडले, हे सगळं विचारून झालं की शेवटी मी विचारायची, खेळतोस का थोडंफार? तो म्हणायचा, हौ, संध्याकाळी. तो खेळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायची. त्याच्या तोंडून हौ ऐकलं की मला चार घास गोड लागायचे, एवढंच असेल. आईची जात, म्हणून लोक डोळे पुसतात. मला माझीच चीड येते.

तो परत आला तो मुंडी खाली घालून. वीतभर उंच झालेला, गाल बसलेले. बारावीला बरे मार्क होते, प्रवेश परीक्षेत काही उजेड पडला नव्हता. ओरडायला मला तोंडच नव्हतं. मी विचारलं, आता काय करायचं आहे तुला? पंख्याकडे बघत तो म्हणाला, "जिथं खेळायला मिळेल तिथं घाल." दोन वर्षांत त्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट. तेव्हाच मी ठरवलं की काही झालं तरी एवढं आपण त्याला मिळवून द्यायचं. म्हणून तो जुलै.

तर मोठ्या कॉलेजात खिडकीवरून परत फिरलो, तेवढ्यात हॉलच्या दारातून तिथल्या कोचनं त्याला बघितलं. उंची बघून हाक मारली. आत दहा-बारा मुलांची प्रॅक्टिस चालली होती आणि त्यातली दोघं याच्याबरोबर त्या शिबिरात होती. ती धावत आली, गळ्यात पडली, बूट कुठं आहेत तुझे, चल उतर. कोचनं कुणाचे तरी बूट दिले. दहा मिनिटं तो त्यांच्याबरोबर धावला. मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण आपलं पोर मागे पडतंय हे कळायला खेळ यावा लागत नाही. त्याच्या हातात बॉल यायचा तोवर बाकीचे पुढं पोचलेले असायचे. दहाव्या मिनिटाला तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता आणि ती दोघं त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

कोच मनानं भला माणूस होता. राखीव जागा नाही तर नाही, म्हणाला, मॅनेजमेंटच्या कोट्यातून घ्या प्रवेश. पहिलं वर्ष बाकावर बसेल, प्रॅक्टिस करेल, अंगात दम येईल. दुसऱ्या वर्षी बघू. मी त्याला चारदा विचारलं की बघू म्हणजे काय, आणि चारही वेळा तो बघूच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात नारायणगुड्यातच, माझ्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, एका छोट्या कॉलेजात गेलो. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाते येते, पण वर कॉलेज आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. खाली चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्स, वर तीन मजले वर्ग. मागच्या अंगणात सिमेंटचं कोर्ट. त्याच्यावर निम्म्या भागात मुलांच्या गाड्या लावलेल्या. एका बाजूची रिंग सरळ, दुसरी खाली झुकलेली, जाळी दोन्हीला नाही. मी मनात म्हटलं, चला, इथून पळा.

खेळाच्या मास्तरांना इथं पी.डी. म्हणतात. या कॉलेजचे पी.डी. निवृत्तीला आलेले, तेलुगू गृहस्थ, कपाळावर विभूती, गळ्यात शिट्टी आणि हातात लायब्ररीच्या ओळखपत्रांचा गठ्ठा, कारण तेही काम त्यांच्याच गळ्यात होतं. त्यांनी त्याची उंची बघून हुरळल्यासारखं केलं नाही. एका कोपऱ्यातून बॉल आणला आणि म्हणाले, टाक. त्यानं टाकला. चुकला. पुन्हा टाकला. सात वेळा चुकला, आठवा गेला. मी अवघडून झेरॉक्सच्या मशीनचा आवाज ऐकत उभी. पी.डी. रिंगकडे बघतच नव्हते. ते त्याच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी त्याला विचारलं, किती दिवस बंद होता? दोन वर्षं, तो म्हणाला. आजारी होतास? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, नाही, अभ्यास होता.

मग ते माझ्याकडे वळले. दखनीत बोलले, मी मराठीत सांगते. आमच्याकडे टीम म्हणावी तर सहा मुलं आहेत, हा सातवा. पाच खेळतात, दोन बाहेर. मागच्या वर्षी पहिल्याच मॅचला बाहेर पडलो, त्याच्या मागच्या वर्षीही. मोठ्या कॉलेजसारखं इथं काही नाही. "जिंकवणार नाही मी त्याला, मेडम. पण खेळवीन. पूर्ण चाळीस मिनिटं." बास्केटबॉलची मॅच चाळीस मिनिटांची असते, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं पोरगं खेळत होतं आणि मला मॅच केवढी असते ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर जुंपली. ह्यांचं म्हणणं, मोठ्या कॉलेजचं नाव आहे, पुढं नोकरीला कामाला येतं, खेळाचं काय एवढं. नांदेडहून भावाचंही तेच. आणि आता लाज वाटते, पण माझंही तेच. फक्त माझं कारण वेगळं. मला तो लाकडी फरशीचा हॉल दिसत होता. मी त्याचं जे मोडलं ते तिथं नीट जुळून येईल, चांगला कोच, चांगले बूट, शिबिरातले जुने दोस्त, आणि मग कुणाला काही विचारायचं कारणच उरणार नाही, असं माझ्या डोक्यात. झुकलेल्या रिंगखाली पोराला उभं केलं तर मी काय केलं ते रोज दिसत राहणार.

म्हणून मीच त्याची सगळ्यात जास्त मनधरणी केली. चहा दिला, शेजारी बसले, म्हटलं, बाळा, एक वर्ष बाकावर बसलं तर काय बिघडतं रे? पुढं खेळशीलच की.

"मम्मी," तो म्हणाला, "मी दोन वर्षं बसून आलो."

आवाज चढवला नाही, काही नाही. कप उचलला आणि मोरीत ठेवून आला. दुसऱ्या दिवशी मी छोट्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली. नारायणगुड्यातल्या सगळ्या कॉलेजांचे क्लार्क मला ओळखतात. तिथल्या क्लार्कनं माझ्याकडे बघून विचारलं, मेडम, तुमचा मुलगा नॉन-लोकल कसा? मी म्हटलं, शिक्का मारा आणि गप बसा.

मग सुरू झालं त्याचं कॉलेज. सकाळी साडेसहाला घरातून निघायचा. सातला पोचून आधी सातही जणांनी कोर्टावर मुक्कामाला राहिलेल्या गाड्या ढकलून बाजूला करायच्या, झाडायचं, मग खेळायचं. नऊ वाजता वर्गांची मुलं गाड्या घेऊन आली की खेळ बंद. संध्याकाळी पी.डी. ओळखपत्रांतून मोकळे झाले तर पुन्हा. घरी आला की बैठकीत फरशीवरच आडवा व्हायचा आणि झोपून जायचा. त्याला ओलांडून आम्ही ये-जा करायचो. कसं चाललंय विचारलं तर म्हणायचा, चांगलं. आणि मला त्या चांगलंवर विश्वास ठेवता यायचा नाही. दोन वर्षांचे रविवार मध्ये उभे होते. शाळेतून सुटल्यावर मी दोन-तीनदा त्या गल्लीत जाऊन झेरॉक्सच्या दुकानाशी उभी राहिले, आतून बॉल आपटल्याचा आवाज येतो का ऐकायला. यायचा. तेवढं ऐकून मी भाजी घेऊन घरी जायची.

एकदा पी.डी. भाजीच्या गाड्यावर भेटले. वांगी निवडत म्हणाले, हात सगळं लक्षात ठेवतात मेडम, पाय विसरतात. त्याचे पाय विसरलेत. खूप मेहनत करतो, पण त्या वयातली दोन वर्षं. त्यांनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं. मी विचारलं, युनिव्हर्सिटीच्या टीमचं काही होईल का? कॉलेजांच्या आपसातल्या मॅचेस असतात, त्या बघून युनिव्हर्सिटीची टीम निवडतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. शिबिरातल्या सगळ्या मुलांची नजर त्या टीमवर होती, माझ्या मुलाचीही होती. तो बोलला नव्हता, पण त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी ते वाचलं होतं. पी.डी. म्हणाले, आडनिव्वंडम्मा. म्हणजे खेळू द्या त्याला, बाई. आणि वांगी घेऊन गेले.

थंडीत मॅचेस आल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. पोराची मॅच बघायला मी आयुष्यात पहिल्यांदा जात होते. मोठं मैदान, चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, एका कडेला कापडाच्या मांडवात निवड करणारे तिघं खुर्च्या टाकून बसलेले. पहिली मॅच आदल्या दिवशी तसल्याच एका छोट्या कॉलेजशी होती आणि ती हे चक्क जिंकले होते. त्यात एकाचा घोटा मुरगळला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सहाच जण. आणि समोर शहराबाहेरचं ते मोठं कॉलेज, ओळीनं बारा मुलं, सगळ्यांचे बूट एकसारखे.

मॅच कशी झाली ते मी काय सांगणार. हरले, वाईट हरले. पण मी आकड्यांकडे बघत नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. त्या हॉलमध्ये दहा मिनिटांत मोडलेलं माझं पोर पहिला अर्धा भाग तर छान धावलं. शिबिरातल्या त्या दोघांपैकी एकाच्या हातातून त्यानं बॉल काढला तेव्हा मांडवातले तिघंही पुढं वाकले. मी शेजारच्या बाईचा दंड धरला होता, ती कोण होती देव जाणे. मग हळूहळू तो दमत गेला. समोरचे पाच बदलून नवे पाच यायचे, ताजेतवाने. यांच्याकडे बदलायला एकच, आणि तिसऱ्या भागात एका मुलाचे पाच फाउल होऊन तो बाहेर गेल्यावर तोही आत गेला. आता बाहेर कुणीच नाही.

शेवटची तीन-चार मिनिटं राहिली असतील. तो उडी मारून खाली आला आणि तसाच बसला. पोटरीत गोळा आला होता. पी.डी. धावले, पाय दाबला. तो उठला नाही तर चौघांनीच खेळायचं. मला वरून ओरडावंसं वाटलं, बस कर रे, बस, झालं तेवढं पुरे. तोंड उघडलं होतं. ओठ दाताखाली धरून मी ते आवरलं, कारण बस म्हणण्याचा माझा कोटा दोन वर्षांतच संपला होता. तो उठला. लंगडत लंगडत शेवटपर्यंत कोर्टावर राहिला. पी.डीं.नी दिलेला शब्द पाळला, पूर्ण चाळीस मिनिटं.

साडेचारला निवड झालेल्यांची नावं वाचली. बारा आणि वर तीन राखीव. शिबिरातली ती दोघं होती. हा नव्हता, राखीव तिघांतही नव्हता. ती दोघं येऊन त्याच्या पाठीवर थापटून गेली, तोही त्यांच्याशी हसून बोलला. मांडवातल्या एकानं उठता उठता पी.डीं.ना विचारलेलं मी ऐकलं, या उंच मुलाला इतके दिवस कुठं ठेवलं होतं?

मैदान रिकामं व्हायला लागलं. तो पायऱ्यांवर येऊन माझ्या खालच्या पायरीवर बसला, पाय लांब करून. सगळे दमलेले असतात तसा दमलेला नव्हता तो, त्याच्यात काही उरलंच नव्हतं. मीही खूप थकले होते. त्या दिवसानं नाही, वर्षानुवर्षं खोटं वागवून थकले होते. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही असं वाटलं आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, नांदेडला तुझा बॉल मामानं काढून घेतला ना, ते मी सांगितलं होतं. मामाचा दोष नाही. मीच सांगितलं होतं.

तो म्हणाला, "माहीत आहे. मामीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

म्हणजे मी रविवारी विचारत होते, तो हौ म्हणत होता, आणि दोघांनाही सगळं माहीत होतं. दोन वर्षं. मी म्हटलं, अरे मग मला बोलायचं नाही? भांडायचंस, रडायचंस.

"बोललो असतो तर बोलावून घेतलं असतंस?"

तो हे रागानं म्हणाला नाही. खरंच विचारत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. तेव्हाची मी मला आठवली, गणिताचे मार्क, स्टाफरूम, डॉक्टर झालेले ते दोघं. आणि मला आणखी एकदा खोटं बोलायचा कंटाळा आला.

"नाही," मी म्हणाले. "नसतं बोलावलं."

त्यानं मान हलवली. मग तो बूट काढायला वाकला, पण पोटरीतला गोळा पुरता उतरला नव्हता, त्याला वाकता येईना. मी त्याच्याही खालच्या पायरीवर उतरले, गुडघे कसेबसे मुडपून बसले आणि त्याच्या बुटाची नाडी सोडली. मोजा ओढून काढला. अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं नख काळंनिळं पडलं होतं, एक तर मुळापासून सुटलेलं. बूट त्याला लहान होत होते. हे कधीपासून, मी विचारलं. ऑगस्टपासून, तो म्हणाला.

मग सांगितलं का नाहीस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि दुसरा बूट मांडीवर घेतला.